तेल वर चढेना

दुपारी कामिनीने जीवराम पाटलांच्या पंपाचा शाफ्ट पुन्हा लेथवर चढवला आणि थोड्याच वेळात तिला जळका वास आला.

आधी वाटलं, बाहेर रस्त्यावर कुणी काही पेटवलं असेल. पण वैशाखाचं ऊन होतं. यावलच्या त्या रस्त्यावर अशा वेळी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. डोक्यावरचे पत्रे तापून टणटण वाजत होते. तिने बाहीने घाम पुसला, टूल मागे घेतलं आणि लेथच्या हेडवर तळहात ठेवला. हेड म्हणजे लेथच्या डाव्या टोकाची ओतीव लोखंडाची पेटी. काम पकडून ठेवणारं चक फिरवणारा जाड दांडा, गियर, सगळं तिच्या पोटात. उन्हाळ्यात ती कोमट असायचीच. आज तिच्यावर हात ठेववेना.

तिने मशीन बंद केलं. एरवी चक बराच वेळ गरगरत राहून मग थांबायचं. आज ते कुणी धरल्यासारखं जागच्या जागी थांबलं.

आत दांडा कुठेतरी धरत होता.

पेटीच्या वरच्या अंगाला रुपयाएवढी काच होती. तळातलं तेल आतला छोटा पंप वर चढवतो आणि ते येतंय की नाही हे त्या काचेतून दिसतं. काच केव्हाची काळवंडली होती. तिने ती रॉकेलच्या चिंधीने घासली, मोबाइलचा उजेड पाडला. आत कोरडं ठाक. तळाची खूण पाहून ती न चुकता तेल घालत आली होती. तेल होतं. ते वर चढत नव्हतं.

वर्कशॉपचं तोंड रस्त्याला आणि पाठ घराला. मधे एक दार, त्या दाराशी बाज, आणि बाजेवर तोताराम मिस्त्री. थंडीच्या दिवसांत त्यांना लकवा मारला तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडलेला, उजवा पाय ओढत चालायचं. जिभेवर शब्द यायचे ते भलतेच. पाण्याला भाकरी म्हणायचे, आणि चूक त्यांची त्यांनाच कळायची, म्हणून मग बायकोशी दोन शब्द सोडले तर बोलायचंच बंद केलं होतं. वर्कशॉपमध्ये तर त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं. लेथ सुरू झाला की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. कामिनी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली शिकली होती. भाऊ योगराज चाकणला कंपनीत लागला, त्याला या मशीनचं कधी काही वाटलं नाही. बापाचा हात गेला तशी पोरीने लेथ धरला आणि घर चालू ठेवलं.

संध्याकाळी जीवराम पाटील आले. साकळीचे. केळीची बाग, आणि बोअरची मोटर वर काढून ठेवलेली. पंपाचा शाफ्ट घासून बारीक झाला होता. जुना पंप, त्याचा शाफ्ट आता बाजारात मिळत नव्हता. करूनच घ्यायला हवा होता.

"झाला का वं शाफ्ट?"

"मशीन गरम झालं काका. बंद केलं. सकायी उघडून पाह्यते."

जीवराम पाटलांनी लेथकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. बाज तिथून चार हातांवर. तोताराम मिस्त्रींना ते नाना म्हणायचे. त्यांनी कामिनीच्या आईला, कुंदाबाईंना विचारलं, "वहिनी, नानाले आता काही कयते का?"

कुंदाबाई दिवसभर गच्चीवर वाळलेले ज्वारीचे बिबडे पापडांच्या डब्यात भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कान हायेत त्यायले. त्यायलेच इचारा."

जीवराम पाटलांनी विचारलं नाही. रुमालाने मान पुसत ते कामिनीला म्हणाले, "पोरी, निसवलेली केयी हाये. घड बाहेर पडले अन् पाणी नही. पानं करपली तं करपली, घड सटकू राह्यले आता. शेजारी रातचं थोडं पाणी देते, त्यानं काय व्हते? मी परवा सकायी गाडी घेऊन येतो. झालं असीन तं ठीक. नही तं फैजपूरले नेतो."

ते वाईट माणूस नव्हते. पण एक गिऱ्हाईक फैजपूरला गेलं की बाकीचे त्याला विचारणार, कायले गेला रे तिकडे. मग तोही सांगणार. कामिनीला हे सगळं दिसत होतं. ती नुसतं "हो काका" म्हणाली.

तोताराम मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचा डावा हात बाजेची सुंभाची दोरी चिमटीत धरून पिळत होता.

रात्री योगराजचा फोन आला. कुंदाबाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, "माय, ते मशीन माह्या आधीचं हाये. भंगारात देऊन टाका. तुमी सगये इकडे या." त्याने मनापासून सांगितलं होतं. कुंदाबाई "पाहू" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी ऊन चढायच्या आत कामिनीने हेडचं झाकण उघडलं. झाकण जड होतं. शेजारचा इसाक, फ्रिज आणि कूलर दुरुस्त करणारा, हात लावायला आला. तळाचा बूच काढला तसं तेल बादलीत पडायला लागलं. काळं, घट्ट, चिमटीत धरलं तर रवाळ. तेल उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाला बारीक जाळी होती. ती पार लिंपून गेली होती. हात पुसायच्या सुती चिंध्यांचा भुगा, गियरचा चुरा आणि जुनं तेल यांचा लगदा. कामिनीने तो बोटाने खरवडला.

"मिल गया चोर," इसाक म्हणाला.

तिलाही तसंच वाटलं. तिने जाळी रॉकेलमध्ये धुतली, तळ पुसून लखलखीत केला, नवं तेल ओतलं. गियरचा दात लागून तळव्याला चीर पडली होती, तीत रॉकेल गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं. मोटरचा पट्टा हाताने ओढून तिने दांडा सावकाश फिरवला. फिरायला जड जात होता, पण फिरत होता. पंपाचा दट्ट्या खालीवर होताना दिसला. ती काचेकडे पाहत राहिली. ओढत राहिली. दंड भरून आले.

काच कोरडीच.

"कामिनीताई, नळी पाहू," इसाकने सुचवलं. पंपातून वर जाणारी तांब्याची नळी त्याने बोटाने चाचपली. वाकणापाशी केसासारखी फट होती. "ये देखो. ये मैं कर देता. फ्रिजचीच नळी आहे ही, दुसरी टाकतो." तो दुकानात गेला, नळी कापून तोंड पसरवून घेऊन आला आणि बसवून दिली. कामिनीने पुन्हा पट्टा ओढला. नळीच्या तोंडाशी तेलाचा थेंब आला, दट्ट्या वर गेला तसा आत ओढला गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. इसाकने डोकं खाजवलं. त्याच्या दुकानात कूलरवाले खोळंबले होते, तो गेला.

कामिनी लेथच्या पायाशी जमिनीवर बसली.

आतून कुंदाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. तोताराम मिस्त्री आज भिंतीकडे तोंड करून नव्हते. उशीला टेकून बसले होते आणि उघड्या हेडकडे पाहत होते. चेहऱ्याची डावी बाजू, जी अजून त्यांच्या ताब्यात होती, ती थोडी सैल झाली होती. हसू म्हणावं असं नव्हतं ते. पण कुंदाबाईंनी त्या माणसाबरोबर सारा जन्म काढला होता.

त्या बाजेजवळ गेल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "बरं वाटलं ना तुमाले?"

त्यांनी नजर वळवली.

"तुमच्याबिगर चाललं नही, म्हनून बरं वाटलं. मी काय आंधयी हाये? पोरगी सकायपासून उपाशी हाये. हात फाटले तिचे. अन् तुमी पडल्या पडल्या पाहू राह्यले."

कुंदाबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी दिलं नाही, उशी सारखी केली नाही, काही केलं नाही. मग तोताराम मिस्त्रींनी डावा हात बाजेच्या लाकडावर रोवला, पाय खाली सोडला आणि काठीकडे मान हलवली.

कुंदाबाईंनी काठी दिली. आधार दिला नाही. बाजेपासून लेथपर्यंत यायला त्यांना उंबऱ्यापाशी एकदा थांबावं लागलं. उजवी चप्पल निघून मागे राहिली. कामिनी उठून उभी राहिली, पण जागची हलली नाही. त्यांनी लेथच्या पाटीवर हात टेकला आणि श्वास घेतला.

"अप्पा, स्टूल घ्या."

ते बसले. वाकून पेटीत पाहिलं. मग डाव्या हाताने तिला खूण केली: ओढ. तिने पट्टा ओढला. नळीच्या तोंडाशी थेंब आला आणि गेला. त्यांनी मान हलवली, आणि ते बोलले. तीन महिन्यांत त्या जागेत त्यांचा आवाज पहिल्यांदा निघाला.

"हरभरा."

कामिनीला काही कळेना. "काय अप्पा?"

"हरभरा. हरभरा पाह्य."

"नयी का? नयी नवीन टाकली."

त्यांनी जोराने मान हलवली. पंपाकडे बोट केलं. "खाली. खाली हरभरा. हरभरा खा…" शब्द तुटला. त्यांनी डावी मूठ लेथच्या पाटीवर आपटली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि ती पुसायला त्यांचा उजवा हात उठला नाही. कामिनीने रुमाल काढला, पण तिला वाटलं आपण पुसू नये. रुमाल तिने त्यांच्या डाव्या हातात दिला.

कुंदाबाई दारातून म्हणाल्या, "गोयीले म्हनू राह्यले."

"काय?"

"औषधाच्या गोयीले हरभरा म्हनते ते. रोज. हरभरा दे, म्हनते. पंपात काही गोयी असते का? गोल?"

तोताराम मिस्त्रींनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

पंपाच्या बुडाशी पोलादी गोळी होती. दट्ट्या वर गेला की ती उचलली जाते आणि तेल आत येतं. दट्ट्या खाली आला की ती बसते आणि तेलाला खाली जाऊ देत नाही, मग ते वर चढतं. कामिनीला हे ठाऊक होतं, तिने ती पाहिली मात्र कधी नव्हती. तिने पंप सोडवून बुडाचा आटा उघडला. गोळी तळव्यावर पडली. एका अंगाने गंजून खड्डे पडलेली, दुसऱ्या अंगाने चपटी झिजलेली. अशी गोळी जागेवर बसली तरी फटीतून तेल खालीच जाणार.

"छर्रा… सायकल," तोताराम मिस्त्री म्हणाले. शब्द उलटे आले होते, पण कळलं: सायकलच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी.

"एवढाच?"

त्यांनी चिमटी दाखवली. एवढाच.

कुंदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि जवळच्या चौकातल्या सायकलवाल्याकडे उन्हात निघाल्या. परत आल्या तेव्हा कागदाच्या पुडीत मूठभर छर्रे होते, लहानमोठे. "कोनता लागते मले काय माहीत," त्या म्हणाल्या. एक अचूक बसला. तोताराम मिस्त्रींनी पितळेची कांडी मागवली. छर्रा खोबणीत ठेवून त्यावर कांडी उभी धरायची आणि हातोडीने हलका ठोका द्यायचा, म्हणजे खोबण गोळीच्या आकाराची होते. जास्त बसला तर पंप गेला. कांडी कामिनीने धरली. हातोडी त्यांनी घेतली, डाव्या हातात.

"अप्पा, मी मारते."

ते थांबले. त्यांनी हातोडी कांडीवर नुसती टेकवून पाहिली, ती बाजूला घसरली. त्यांनी ती पोरीकडे सरकवली. कांडी आपण धरली. तिने ठोका दिला.

"आजून," ते म्हणाले. तिने दुसरा दिला. "बस."

पंप बसवायच्या आधी मात्र त्यांनी तिला थांबवलं आणि हेडच्या पुढच्या तोंडाकडे बोट केलं. कामिनीला माहीत होतं ते काय सांगताहेत. तिने सकाळपासून तिकडे पाहायचं टाळलं होतं. जाड दांडा ज्या पितळी बुशीत फिरतो ती बुश. तेलाविना ती किती खाल्ली गेली होती, आणि दांडा खाल्ला गेला होता का. बुश खरडून नीट होते. दांड्याला ओरखडे पडले तर योगराज म्हणाला ते खरं, मग भंगारच.

वरची टोपी काढायला तिला पान्ह्याला पाइप घालून लोंबकळावं लागलं. टोपी निघाली. बुशीवर लांब ओरखडे होते, दोन ठिकाणी पितळ पुसून चकचकीत झालं होतं. दांडा काळसर दिसत होता. तिने तो रॉकेलने पुसला आणि बाजूला झाली.

तोताराम मिस्त्रींनी डाव्या हाताचं बोट दांड्यावर ठेवलं. सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. मग नख उभं करून परत आणलं. कामिनी बोटाकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"गुयगुयीत," ते म्हणाले.

तिने स्वतः नख फिरवलं. कुठेच अडलं नाही. काळपट होतं ते नुसतं जळलेलं तेल. ती तिथेच खाली बसली आणि तिला हसू आलं, उगीचच, थांबेना. "माय," ती म्हणाली, "भाकर दे." कुंदाबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा तिथेच आणून दिला. तेलाचे हात न धुता, कागदाने भाकरी धरून तिने खाल्ली.

उरलेला दिवस बुश खरडण्यात गेला. दांड्याला निळा रंग चोळायचा, टोपी बसवायची, फिरवायची, पुन्हा काढायची. बुशीला जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तो तिकोनी कानशीच्या धारेने, पापुद्र्यासारखा, खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा टोपी. कामिनीच्या मनगटाला कळ लागली. घाम बुशीवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलं. तोताराम मिस्त्री स्टुलावर बसून होते. मधेच ते "नही" म्हणायचे, मधेच नुसतं बोट दाखवायचे. एकदा ती म्हणाली, "इथं आता नको, पातय व्हईन." त्यांनी वाकून पाहिलं, बोट लावलं आणि म्हणाले, "हो. नको." उन्हं उतरली तेव्हा बुशीवर सगळीकडे सारखे निळे ठिपके उमटले होते.

सकाळी जीवराम पाटलांची गाडी दाराशी थांबली तेव्हा झाकण अजून उघडं होतं आणि पंप नुकताच बसला होता. जीवराम पाटील खाली उतरले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं. रात्र शेजाऱ्याच्या पाण्यापाशी गेली असावी.

"मंग, नेऊ का?" त्यांनी कामिनीला विचारलं.

ती उत्तर देणार, इतक्यात तोताराम मिस्त्री स्टुलावरून म्हणाले, "बस."

जीवराम पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वर्कशॉपमध्ये ते कित्येक वर्षं येत होते आणि मिस्त्री त्यांना याच शब्दाने बसवायचे. ते लाकडी बाकावर बसले. "नाना," ते जरा वेळाने म्हणाले, "तब्येत कशी हाये?"

"पाह्य," तोताराम मिस्त्री म्हणाले. त्यांनी लेथकडे मान केली.

कामिनीने पट्टा हाताने ओढला. एकदा, दोनदा. नळीच्या तोंडाशी थेंब आला, आणि या वेळी तो मागे गेला नाही. त्याच्यामागे दुसरा आला. तेल वरच्या ताटलीत पडलं, तिच्या भोकांतून बुशींकडे निघालं. तिने झाकण ठेवलं, बोल्ट कसले, आणि बटण दाबायच्या आधी अप्पांकडे पाहिलं. ते काचेकडे पाहत होते.

मशीन सुरू झालं. सुरुवातीला नुसता आवाज. काच तशीच. कुंदाबाई दारात आल्या. मग काचेच्या आत मधासारखा एक ओघळ उतरला, तुटला, पुन्हा उतरला आणि धार लागली.

जीवराम पाटील बाकावरून उठून जवळ आले, काचेत डोकावले. "हे येयाले पायजे व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"हेच," कामिनी म्हणाली.

तिने मशीन नुसतंच फिरू दिलं. मधून मधून हेडवर हात ठेवायची. मग हात तसाच ठेवून उभी राहिली, ठेववत होता. चहा आला. बंद केल्यावर चक आपलं आपण गरगरत राहिलं आणि सावकाश थांबलं. तेव्हा तिने शाफ्ट चढवला. टूल लागलं, पोलादाची लांब कुरळी कात निघायला लागली. जीवराम पाटील गाडी परत न्यायचं विसरून तिथेच बसून राहिले. मोजमाप घेताना शाफ्टचं टोक त्यांनी स्वतः धरलं. बेअरिंग बसायची जागा आली तेव्हा कामिनीने टूल थांबवलं आणि अप्पांना म्हणाली, "इथं किती सोडू?" ती उत्तर जाणत होती. त्यांनाही कळलं की ती जाणते. ते म्हणाले, "तुले जसं वाटीन तसं," आणि हे वाक्य पुरं, सरळ निघालं.

दुपार ढळायच्या आत ती जीवराम पाटलांबरोबर साकळीला गेली. पंप जोडून मोटर खाली सोडायला बोअरवाले लागले, पण जोडणी तिने केली. बागेत करपलेल्या पानांचे कडक तुकडे वाऱ्यावर खडखडत होते. काही घड लोंबून जमिनीला टेकले होते. बरेच अजून वर होते. बटण दाबल्यावर पाइपातून आधी नुसती हवा आली, मग गढूळ चूळ, मग पाइप धडधडला आणि पाणी आलं. जीवराम पाटलांनी ओंजळ धरली आणि तोंडावर मारली. मग ठिबकच्या नळ्या भरायला लागल्या तसे ते एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, वाकून हात लावत, चालत सुटले. कामिनी बांधावर बसून ओल्या मातीत पाय ठेवून होती. तिला उठावंसं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर ती जेवली की नाही हे तिला नंतर नीट आठवत नव्हतं. गच्चीवर अंथरुणाला पाठ लागली आणि ती झोपली.

जाग आली ती उन्हाने. रोज ती सगळ्यांच्या आधी उठायची, वर्कशॉप झाडायची, मशीनला तेल घालायची. आज कुणी उठवलं नव्हतं. खाली लेथ चालू होता. टूल लागलेलं नव्हतं, नुसतं मोकळं फिरत होतं. एक गती, मग बंद, मग दुसरी गती. मधेच काठी आपटल्याचा आवाज. कुंदाबाईंचं काही बोलणं, आणि त्यावर एक लांब, चुकत माकत दिलेलं उत्तर.

कामिनीने कान देऊन ऐकलं. आवाज सगळीकडे सारखा होता, कुठे खरखर नाही. तिने चादर डोक्यावर ओढली आणि पुन्हा झोपली.